चाकातून आवाज येतोय? दोष रस्त्याला देण्याआधी हे तपासा

२९ ऑक्टोबर २०२२ रोजी मारुती सुझुकीने वॅगन-आर, सेलेरियो आणि इग्निस या तीन मॉडेल्सच्या मिळून ९,९२५ गाड्या परत बोलावल्या. या सगळ्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या जेमतेम महिनाभरात बनलेल्या. कारण होतं मागच्या ब्रेक असेंब्लीतली एक पिन. काही गाड्यांमध्ये ही पिन तुटू शकते, त्यातून वेगळाच आवाज येऊ शकतो आणि पुढे जाऊन ब्रेकवरही परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच कळवलं होतं.

बातमी आली आणि गेली. पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दोषाचं लक्षण म्हणून कंपनीने 'आवाज' हा शब्द वापरला. डॅशबोर्डवर दिवा लागेल, मेसेज येईल, असं काही नाही. चाकाकडून आवाज येईल, एवढंच.

आता समजा त्यातलीच एक गाडी आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. तळोदा ते धडगाव चांदसैली घाटातून तिची ये-जा चालते, किंवा अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीला. मागच्या चाकातून खटखट सुरू झाली. मालक काय म्हणेल? "रोडच असा आहे, आवाज येणारच." गॅरेजवाला काय म्हणेल? तेच. आणि बहुतेक वेळा दोघांचं बरोबरही असेल. अडचण अशी, की रस्ता खराब असला की त्याच्या नावावर सगळेच आवाज खपून जातात. झिजलेलं बेअरिंगही, सैल झालेला नटही आणि कारखान्यातून आलेला दोषही.

म्हणून या लेखात दोन गोष्टी बघू. चाकाचा आवाज घरच्या घरी ओळखायचा कसा, आणि तो नीट नोंदवणं फक्त तुमच्या खिशासाठीच नाही तर सगळ्यांसाठी का गरजेचं आहे.

आधी पद्धत समजून घ्या

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण आमच्या कामात रोज एक गोष्ट करावी लागते. कुणीतरी सांगतं, "ॲप चालत नाही." एवढ्यावर काहीच करता येत नाही. मग आम्ही विचारतो: कुठल्या फोनवर? काय दाबल्यावर? दर वेळी होतं की कधी कधी? त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच बदलायची. त्रुटी कुठे आहे ते हळूहळू उघडं पडतं.

गाडीचंही असंच आहे. "चाकातून आवाज येतो" ही माहिती अपुरी आहे. तो कधी येतो, कधी वाढतो, कधी थांबतो, यात उत्तर असतं. आणि बदलून बघायच्या गोष्टी मोजून पाच आहेत: वेग, गिअर, वळण, ब्रेक आणि रस्त्याचा पृष्ठभाग.

पहिला प्रश्न: आवाज खरंच चाकाचा आहे का?

मोकळा, सपाट, सरळ रस्ता बघा. ताशी ४० किलोमीटर वेग धरा. आधी तिसऱ्या गिअरमध्ये, मग चौथ्यात. वेग तोच ठेवायचा, फक्त गिअर बदलायचा. चाकं तेवढीच फिरतात, इंजिनचे फेरे मात्र कमी होतात.

आवाज बदलला, तर संशय इंजिन किंवा गिअरबॉक्सकडे. आवाज तसाच राहिला, तर तो चाकांच्या बाजूचा आहे.

काही जण ही चाचणी उतारावर गाडी न्यूट्रल करून करतात. घाटात हे अजिबात करू नका. इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ज्या ब्रेकवर आपल्याला संशय आहे त्यांच्याच भरवशावर घाट उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

आवाजावरून संशय कुणावर घ्यायचा?

१. ब्रेक दाबल्यावर बारीक 'चीं'. बऱ्याच ब्रेक पॅडना एक पत्र्याची जीभ असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम किंचाळते. ही सूचना आहे, पुढच्या काही दिवसांत पॅड बदला. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला घासल्यासारखा आवाज करते, तो डिस्कवरच्या गंजाचा. तो लगेच गेला तर काळजीचं कारण नाही.

२. ब्रेक दाबल्यावर 'खर्रर्र', लोखंडावर लोखंड. पॅड किंवा लायनर संपला आहे. आता डिस्क किंवा ड्रमही खराब होतोय आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतंय. ही गाडी घाटात न्यायची नाही.

३. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झालेली कर्कश घासघास. ब्रेक दाबा न दाबा, चालूच. डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात छोटा खडा अडकला की असं होतं. थोडं मागे-पुढे घेतल्यावर बऱ्याचदा खडा पडतो. नाही पडला तर चाक काढून बघावं लागतं. काम छोटं असतं, घाबरून पार्ट बदलायची गरज नाही.

४. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना 'कट-कट-कट'. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला जॉईंट असतो. त्यावरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर उडतं, धूळ-माती आत जाते आणि जॉईंट झिजतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर बूट लगेच तपासा. आवाज यायच्या आत बूट बदललं तर जॉईंट वाचू शकतो.

५. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप आणि पिकअपमध्ये गिअर टाकून क्लच सोडताना 'ठक'. इथे खालचा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस तपासा. प्रवासी जीपवाल्यांना हा आवाज पाठ असतो. पाठ असतो म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो.

६. फक्त खड्ड्यात किंवा गतिरोधकावर 'खडखड'. सपाट रस्त्यावर काही नाही. हे सस्पेन्शनचं काम: लिंक रॉड, आर्मचे बुश, बॉल जॉईंट किंवा शॉकअप. यातल्या बॉल जॉईंटकडे विशेष लक्ष द्या, तो निखळला तर चाक वाकडं होऊन बसतं.

७. वेगाबरोबर वाढणारी सलग 'गुंऽऽऽ'. हा सगळ्यात फसवा. टायरही असा आवाज करतो आणि बेअरिंगही. याच्याकडे जरा सविस्तर बघू.

टायर की बेअरिंग?

आमच्या घरची गाडी पाच वर्षं जुनी हॅचबॅक आहे. मी पुण्यात असतो, गाडी शहाद्याला पप्पांकडे. मागच्या पावसाळ्यानंतर पप्पा सांगायला लागले की पन्नासच्या पुढे गाडी गुणगुणते. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "रोडचा आवाज आहे दादा." दुसऱ्या ठिकाणी चारही टायर बदलायला सांगितले. टायरची नक्षी तर अजून चांगली होती.

मग मी फोनवर त्यांना तीन गोष्टी बघायला सांगितल्या.

"पप्पा, प्रकाशाच्या पुलावर चढल्यावर आवाज बदलतो का?"

"नाही रे, तसाच येतो."

"आणि नवीन डांबरावर?"

"तिथे तर अजून स्पष्ट ऐकू येतो."

"बरं, पन्नासच्या वेगात लांब वळण आलं की?"

हे त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं. उजवीकडच्या वळणावर आवाज वाढतो, डावीकडच्या वळणावर जवळजवळ बंद होतो.

आता याचा अर्थ लावू. टायरचा आवाज नक्षी आणि रस्ता यांच्या घर्षणातून येतो, म्हणून पृष्ठभाग बदलला की तो हमखास बदलतो. बेअरिंग चाकाच्या आत असतं. बाहेर डांबर आहे की काँक्रीट, याने त्याला फारसा फरक पडत नाही. उलट रस्ता गुळगुळीत झाला की बाकीचा गोंगाट कमी होतो आणि बेअरिंग जास्त ऐकू येतं.

वळणाचं गणितही सोपं आहे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं. झिजलेल्या बेअरिंगवर भार आला की ते ओरडतं, भार गेला की शांत होतं. म्हणून उजव्या वळणावर वाढणारा आवाज बहुतेक वेळा डाव्या बाजूचा असतो. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण ही खूण आहे, पुरावा नाही.

पुरावा जॅकवर मिळतो. सपाट जागा, हँडब्रेक, खाली राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड. चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंटवर संशय. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं. खराब असेल तर स्प्रिंगमधून हाताला खरखर जाणवते. हे करताना नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

पुढचं डावं बेअरिंगच गेलेलं निघालं. चार टायरच्या ऐवजी एक बेअरिंग. ते का गेलं असावं याचा अंदाजही बांधता येतो. पावसाळ्यात आपल्याकडे फरशीवरून पाणी वाहत असतं आणि आपण त्यातून गाडी काढतो. गरम हब थंड पाण्यात बुडतो, सील जुनं असेल तर पाणी आत शिरतं, ग्रीस खराब होतं. आवाज मात्र दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो, तेव्हा पाण्याची आठवणही राहिलेली नसते.

खडू आणि एक मदतनीस

'टक... टक... टक...' असा लयीत आवाज येत असेल तर एक फुकटची चाचणी आहे. १६५/८० आर १४ मापाचा टायर घ्या, बऱ्याच छोट्या गाड्यांना हाच असतो. त्याचा परीघ साधारण १.९५ मीटर भरतो. म्हणजे ताशी ७ किलोमीटरला चाक सेकंदाला एक फेरी मारतं. ताशी ६० ला हेच साडेआठ फेऱ्या होतात, तेव्हा कानाला वेगवेगळे ठोके कळत नाहीत, सलग गुणगुण वाटते.

म्हणून ही चाचणी हळू करायची. टायरच्या बाहेरच्या बाजूला खडूने ठळक रेघ मारा. मोकळ्या मैदानात गाडी भरभर चालण्याच्या वेगाने चालवा आणि मदतनिसाला बाजूने, सुरक्षित अंतर ठेवून चालायला सांगा. दर वेळी रेघ एकाच जागी आल्यावर 'टक' होतं का, एवढंच त्याने बघायचं.

दर फेरीला बरोबर एकदा आवाज येत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या गोष्टीत आहे. नक्षीत अडकलेला खडा किंवा खिळा, टायरला आलेला फुगा, वाकलेली रिम, वाकडी झालेली डिस्क. आवाज रेघेशी जुळत नसेल, पुढे-मागे सरकत असेल, तर बेअरिंगचा संशय वाढतो. कारण बेअरिंगमधल्या गोळ्या चाकाच्या वेगाने फिरत नाहीत. आतली रिंग चाकाबरोबर फिरते तिथे गोळ्यांचा पिंजरा चाकाच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने पुढे सरकतो, त्यामुळे त्याची लय चाकाच्या लयीशी जुळत नाही.

कधी तिथेच थांबायचं?

बाकी आवाज एक-दोन दिवस थांबू शकतात, हे चार थांबत नाहीत:

- टायर बदलल्यावर किंवा पंक्चर काढल्यावर काही किलोमीटरमध्ये सुरू झालेली धडधड, सोबत स्टिअरिंगमध्ये थरथर. नट सैल असू शकतात. बाजूला घ्या, पान्याने प्रत्येक नट तपासा. घट्ट करताना एकाच्या शेजारचा दुसरा असं न करता समोरासमोरचे घ्या.
- टायरच्या बाजूला फुगा. आतले धागे तुटले आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, तापलेल्या रस्त्यावर असा टायर कधी फुटेल सांगता येत नाही.
- लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आणि ब्रेक पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं.
- घासघास आणि त्याच चाकाजवळ जळका वास किंवा प्रचंड गरमी. ब्रेक अडकला असेल किंवा बेअरिंग जाम होत असेल. रिमला हात लावू नका, आधी थंड होऊ द्या.

सैल नटाचा प्रश्न फक्त पंक्चरच्या टपरीवरचा आहे असं समजू नका. जून २०२२ मध्ये टोयोटाने बीझेड४एक्स या आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या जगभरातल्या सुमारे २,७०० गाड्या परत बोलावल्या. कारण: हबचे बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याची शक्यता. बॅटरी, सेन्सर, सॉफ्टवेअर सगळं अत्याधुनिक, आणि अडलं कुठे तर चाकाच्या बोल्टवर.

गाडीच्या कॉम्प्युटरला हे कळत का नाही?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गाडीत एवढे सेन्सर असताना चाकाचा आवाज तिला कसा समजत नाही?

कारण प्रत्येक सेन्सरला एकच काम दिलेलं असतं. एबीएसचा सेन्सर चाक किती वेगाने फिरतंय ते मोजतो. टायर प्रेशरचा सेन्सर हवा मोजतो. झिजलेलं बेअरिंग असलेलं चाकही ठरलेल्या वेगाने फिरत राहतं, त्यामुळे एबीएसच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. बेअरिंगमध्ये खूपच खेळ आला की सेन्सरचं अंतर बिघडून एबीएसचा दिवा लागू शकतो, पण तोवर उशीर झालेला असतो. स्कॅनर लावला आणि 'एरर नाही' आलं, याचा अर्थ सेन्सरना काही दिसलं नाही एवढाच.

ऐकून निदान करणारी यंत्रणा अस्तित्वातच नाही असं नाही. ती आपल्या नंदुरबार स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्या चालवणाऱ्या रेल्वेकडे आहे. रेल्वेत पूर्वीपासून चाकावर हातोडी मारून नादावरून भेग ओळखायची पद्धत होती. गाडी स्टेशनात शिरताना कर्मचारी रुळाच्या बाजूला बसून प्रत्येक डबा बघतात, ऐकतात, याला रोलिंग-इन तपासणी म्हणतात. आता भारतीय रेल्वेने काही ठिकाणी रुळालगत मायक्रोफोन आणि सेन्सर बसवलेत, ते धावत्या गाडीच्या बेअरिंगचा आवाज आणि चाकाचा रुळावर बसणारा मार टिपतात.

रेल्वेला हे शक्य होतं कारण रूळ सगळीकडे सारखा. आवाज बदलला तर चाकच बदललं असणार. रस्त्यावर पृष्ठभाग दर शंभर मीटरला वेगळा, त्यात हवा, पाऊस, हॉर्न. म्हणून मोटारीत हे काम अजून तुमच्या कानावर आहे. फोनमध्ये आवाज ऐकून निदान सांगणारं एखादं ॲप मिळालं तरी एक लक्षात ठेवा. आवाज कुठल्या वेगाला, कुठल्या वळणावर आला हे ते विचारत नसेल, तर ते अंदाजच करतंय.

फिटनेसच्या तपासणीत सापडेल की?

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना फिटनेस प्रमाणपत्र लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. केंद्र सरकार ही तपासणी माणसाच्या नजरेऐवजी स्वयंचलित चाचणी केंद्रांत यंत्रांवर करण्याकडे नेतंय. हा बदल चांगला आहे. रोलरवर ब्रेकची ताकद आकड्यात मोजली जाते, चिरीमिरीला जागा कमी राहते.

पण दोन मर्यादा आहेत. पहिली, तपासणी एका दिवसाची असते. त्या दिवशी ठीक असलेली गाडी पुढचे तीनशे चौसष्ट दिवस घाटात चालणार असते. दुसरी, तुमच्या-माझ्या खासगी गाडीला नोंदणीपासून पंधरा वर्षं अशी तपासणीच नाही. या मधल्या काळात चाकाची खबर ठेवणारा एकच, चालवणारा. धडगाव किंवा मोलगीहून भरून येणाऱ्या जीपमध्ये तर मागे बसलेल्या माणसांचा जीव चालकाच्या कानावर असतो.

आवाज नोंदवला नाही तर काय होतं?

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. भारतात बरीच वर्षं गाड्या परत बोलावणं कंपन्यांच्या मर्जीवर होतं. वाहन उत्पादकांची संघटना 'सियाम'ने २०१२ मध्ये त्यासाठी ऐच्छिक नियमावली केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार देऊ शकतं आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना हे लागू आहे.

यातली कळीची अट अशी: विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने मालकांच्या तक्रारी सरकारच्या पोर्टलवर यायला हव्यात. परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' पोर्टलवर त्यासाठी 'व्हेइकल रिकॉल' असा विभाग आहे. म्हणजे ही यंत्रणा मोजणीवर चालते. ज्या तक्रारी नोंदल्या जात नाहीत त्या यंत्रणेसाठी घडलेल्याच नसतात.

आता विचार करा, तक्रार कोण नोंदवेल? गुळगुळीत रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला आवाज लगेच वेगळा वाटतो, तो सर्व्हिस सेंटरला जातो, लेखी तक्रार करतो. आपल्याकडे तोच आवाज "रोडच असा आहे" म्हणून सोडून दिला जातो. एखादा कच्चा पार्ट तुटलाच तर तो खड्ड्यांच्या रस्त्यावर आधी तुटायची शक्यता जास्त. म्हणजे ज्यांच्याकडे पुरावा सगळ्यात आधी येतो, तेच मोजणीत येत नाहीत. खराब रस्त्याची किंमत आपण टायरमध्ये मोजतो, शॉकअपमध्ये मोजतो आणि ही तिसरी किंमत कळतही नाही.

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. ईको आपल्याकडे शाळेपासून भाजीपाल्यापर्यंत सगळीकडे धावते. टाय रॉड सैल झाला तर काय म्हणतील? खड्ड्यामुळे. पण इथे संशय कारखान्यातून आलेल्या पार्टवर होता आणि दुरुस्ती मोफत होती.

म्हणून आजच एक काम करा. आरसी बुकवरचा १७ अक्षर-अंकी चॅसिस नंबर घ्या आणि तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर तपासा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे जास्त गरजेचं, कारण कंपनीचा फोन किंवा पत्र जुन्या मालकाकडे गेलेलं असू शकतं.

गॅरेजला काय सांगायचं?

जाण्याआधी एक रेकॉर्डिंग करा. काचा बंद, एसीचा पंखा बंद, गाणी बंद. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात. त्याने नुसतं बोलत राहायचं: "चाळीस... पन्नास... उजवं वळण... ब्रेक दाबला." आवाजाबरोबर परिस्थितीही नोंदली जाते.

मग कागदावर सहा ओळी लिहा:

१. आवाज कसा: गुणगुण, खटखट, चीं की घासघास.
२. कुठल्या वेगाला सुरू होतो, वेगाबरोबर वाढतो का.
३. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर फरक पडतो का.
४. कुठल्या बाजूच्या वळणावर वाढतो.
५. ब्रेक दाबल्यावर काय होतं.
६. कधीपासून, आणि त्याआधी काय घडलं: टायर बदलला, खड्ड्यात आदळली, पाण्यातून काढली.

अशी चिठ्ठी दिली की चांगला मेकॅनिक खूश होतो, त्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि जो नुसतंच "चारही टायर टाका" म्हणणार असतो, त्यालाही कळतं की समोरच्याने तपासून आणलंय. गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं जॉब कार्डवर लिहायला लावा. "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका. जॉब कार्डवर ब्रेकचा आवाज लिहिलेला असेल तर पुढे वॉरंटीच्या दाव्याला किंवा पोर्टलवरच्या तक्रारीला तोच कागद कामाला येतो. काढलेला पार्ट मागून घ्या, त्याचा फोटो ठेवा, त्यावर छापलेला नंबर दिसेल असा.

हे सगळं करूनही शेवटी "खरंच रोडचाच आवाज होता" असं निघू शकतं. निघू द्या. तपासून निघालेलं 'काही नाही' आणि न तपासता म्हटलेलं 'काही नाही' यात फार फरक आहे. पुढच्या वेळी घाट उतरताना तो फरक तुमच्या आणि मागे बसलेल्यांच्या कामाला येतो.